एक प्यादं जास्त, तरी बरोबरी! मदत हवी आहे (तातडीची)

पटावरचा_पाहुणा: सरळ मुद्द्यावर येतो. सगळी कापाकापी होऊन माझ्याकडे एक प्यादं जास्त उरतं आणि डाव तरीही बरोबरीत सुटतो. या महिन्यात तिसऱ्यांदा. रविवारी ऑफिसची बुद्धिबळ स्पर्धा आहे. एंडगेमचा (डावाच्या शेवटच्या टप्प्याचा) अभ्यास कुठून सुरू करू? कृपया ओपनिंग (सुरुवातीच्या खेळ्या) सांगू नका.

अडीचघर: उरतं म्हणजे काय काय उरतं? हत्ती असतात का पटावर? एवढ्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हत्तीमित्र: हत्तीच असणार. जिंकण्यासाठी लुसेनाची रचना पक्की करा. आपलं प्यादं सातव्या ओळीत, राजा त्याच्या पुढे आठव्या ओळीत, समोरच्याचा राजा हत्तीने अडवून लांब ठेवलेला. मग हत्ती चौथ्या ओळीत आणायचा, राजा बाहेर काढायचा आणि शह संपेनात की हत्ती मधे घालायचा. यालाच पूल बांधणं म्हणतात. बचावात असाल तर फिलिडोरची रचना: हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरायचा, प्यादं त्या ओळीत घुसलं की प्याद्याच्या पार मागे जाऊन शह देत सुटायचं.

पटावरचा_पाहुणा: हत्ती नव्हते.

जुना_खेळाडू: मुलाला चांगला क्लास लावा. आता तर नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकलाय, मुलं आपणहून बसतात पटावर. मोबाइल मात्र हातात देऊ नका.

पटावरचा_पाहुणा: काका, मुलगा नाही, मीच खेळतो. वय ४४. कालची स्थिती (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ): माझा पांढरा राजा डी३, प्यादं ई२. काळा राजा ई७. बाकी पट रिकामा. खेळी माझी. मी प्यादं दोन घरं पळवलं.

अडीचघर: हेच आधी लिहायचं ना राव! जिंकलेला डाव होता. राजा ई४ ला आणायचा. काळा राजा ई६ ला आला की मग प्यादं एकच घर, ई३. आता राजे समोरासमोर, मधे एक घर आणि खेळी त्याची. त्याला बाजूला व्हावंच लागतं. तो डी६ ला गेला तर तुम्ही एफ५. तुम्ही प्यादं ई४ खेळलात तिथे ही राखीव खेळी उधळलीत. मग तो ई६, तुम्ही डी४, तो डी६, आणि आता खेळी तुमची, म्हणून बरोबरी. लक्षात ठेवा: राजा पुढे, प्यादं त्याच्या मागून.

रेटीप्रेमी: नुसती घोकंपट्टी नको, स्टडीज (मुद्दाम रचलेली कोडी) सोडवा. रेटीची १९२१ची घ्या: पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याने खेळून बरोबरी करायची. राजा जी७, एफ६ असा तिरका उतरतो आणि एकाच वेळी दोन्ही प्याद्यांकडे चालत असतो. हे एकदा दिसलं की पटावरची अंतरं वेगळीच दिसायला लागतात.

हत्तीमित्र: त्यांना जिंकायचंय, तुम्ही बरोबरी शिकवताय. रविवारी कोण रेटी मांडणार आहे समोर? लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर सरावाच्या विभागात प्याद्यांचे शेवट वेगळे काढून दिलेत, फुकट. मशीनसमोर तीच स्थिती वीस वेळा जिंका.

रेटीप्रेमी: वीस वेळा जिंकाल आणि प्यादं एक घर सरकलेलं दिसलं की गडबडाल. स्टडीचं उत्तर न बघता अर्धा तास डोकं चालवलंय कधी?

हत्तीमित्र: नोकरी करतो आम्ही.

जुना_खेळाडू: आमच्या देशी पद्धतीत प्यादं ज्या घरी पोहोचेल त्या घराचं मोहरं मिळायचं, सरसकट वजीर नाही. आणि प्याद्याने मात केली की गल्लीभर कॉलर ताठ.

रेटीप्रेमी: काका, मग १८९५ची सावेद्रा स्टडी बघाच. प्याद्याचा वजीर केला तर बरोबरी, हत्ती केला तर विजय!

अडीचघर: धागाकर्ते कुठे गेले?

पटावरचा_पाहुणा: इथेच. मशीनसमोर बसलो होतो. दहापैकी सात जिंकले. मग तीच रचना ए-पट्टीत मांडून पाहिली. राजा पुढे ठेवला, समोरासमोर आणला, सगळं केलं, तरी एकही जिंकता येईना. काय चुकतंय?

अडीचघर: काही नाही. कडेच्या प्याद्यासमोर काळा राजा ए८ गाठून बसला की बरोबरीच, तो कोपऱ्यातून हलत नाही. त्यात जास्त वेळ घालवू नका. ई आणि डी पट्टीतच बसा रविवारपर्यंत. आणि हो, घड्याळ किती मिनिटांचं आहे ते अजून सांगितलं नाहीत.