शिबिरानंतरच्या सोमवारी काय झालं? किशोरांच्या शिष्यत्व शिबिरांचे अनुभव

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. गेली 11 वर्षं मी पुण्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर 13 ते 18 वयाच्या मुलांची, येशूच्या मागे चालायला शिकवणारी शनिवार-रविवारची शिबिरं घेतोय. शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्याला किंवा पाचगणीला गाडी निघते, रविवारी जेवून परत. पाच मुलांमागे एक दादा किंवा ताई, सकाळी साडेसहाला शांत वेळ (एकट्याने वाचन आणि प्रार्थना), दिवसातून दोन पाठ, शनिवारी रात्री शेकोटी. शेकोटीजवळ मुलं रडतात, हात वर करतात आणि आम्ही अहवालात 'इतक्यांनी निर्णय घेतला', म्हणजे येशूला स्वीकारलं, असं लिहितो. त्या आकड्याची मला हल्ली धास्ती वाटते. त्यातली कितीतरी मुलं नाताळापर्यंत दिसेनाशी होतात, आणि त्यांच्या घरी कोण गेलं होतं असं विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो. म्हणून शिबिर कसं झालं ते नको, घरी आल्यावर काय झालं ते लिहा. आईवडिलांनीही लिहा.

राहुरी तालुका, सध्या चाकणला नोकरी

दहावीत होतो. माणशी 300 रुपये होते, माझे पाळकसाहेबांनी भरले. शेकोटीला प्रत्येकाच्या हातात एक काडी दिली. जे सोडायचं ते मनात म्हणायचं आणि काडी आगीत टाकायची. मी गुटखा म्हणालो. माझी काडी ओली निघाली, पेटेना, नुसता धूर. ती पेटेपर्यंत मी तिथून हललो नाही.

गावी आल्यावर 3 आठवडे पुडीला हात लावला नाही. चौथ्या आठवड्यात उसाच्या ट्रॉलीवर बसलो होतो, मित्राने पुडी पुढे केली, घेतली. मग चर्चला जायचीच लाज वाटायला लागली. एवढं रडून शब्द दिला, आता कुठल्या तोंडाने जायचं?

बायबलमध्ये मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूच्या दाखल्यातलं खडकाळ जमिनीवरचं बी, लगेच उगवतं आणि मूळ नसल्याने वाळतं ते, मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आमचं अर्धं रान मुरमाड आहे. पहिल्या पावसाला सगळ्यांच्या आधी तिथंच हिरवं दिसतं, आणि आठ दिवस उघडीप पडली की पीक माना टाकतं. बियाणं तेच असतं.

मला धरून ठेवलं ते गटातल्या दादाने. फोन नाही, मेसेज नाही, मोटरसायकलवर सरळ घरी आला. आईने चहा ठेवला. पुडीबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणाला, "चल, विहिरीवर जाऊ." पोहून काठावर बसल्यावर मीच सगळं सांगितलं. पुढे दीड वर्ष तो दर शनिवारी यायचा. एक अध्याय वाचायचा, मग पोहायचं. गुटखा सुटायला त्यातले 7 महिने गेले.

अहिल्यानगर

कडू आहे, पण लिहायला हवं. मी 14 वर्षांची होते. रात्री साडेदहाला दिवे मालवून एकेकीला पुढे बोलावलं आणि पाप सांगायला लावलं. माझ्यासोबत जे घडलं होतं ते माझं पाप नव्हतं, दुसऱ्याचं होतं. त्या अंधारात, सगळ्या रडत असताना, मला तो फरक कळला नाही. मी बोलले. सोमवारी ते शाळेत पोचलेलं होतं. त्यानंतर 3 वर्षं मी प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत.

आता मी स्वतः ताई म्हणून जाते. रात्री 9 नंतर निर्णयाचं आवाहन करायचं नाही, हे मी हट्टाने मान्य करून घेतलंय. दमलेल्या, अर्धवट झोपेतल्या मुलाचं रडू आत्म्याचं काम आहे की जागरणाचं, हे आपल्याला ओळखता येत नाही. मुलाशी एकट्याने बोलायचं ते इतरांना दिसेल अशा जागी. आणि 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द आधी द्यायचाच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना द्यावीच लागते, आपण पाळक असू की स्वयंसेवक. हे मुलांना मी आधीच सांगते. तरीही मुलं बोलतात. माझ्याजवळ दोघी बोलल्या.

वसई

आम्ही कॅथलिक. दृढीकरणाआधी (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करायचा संस्कार) आमचं रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर होतं. मोबाइल शुक्रवारीच जमा केले. शनिवारी रात्री पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या पवित्र भाकरीसमोर) तासभर मौन, आणि पहिली 20 मिनिटं मी नुसता खिसा चाचपत होतो. मग बाहेर केळीच्या पानांवर पाऊस वाजायला लागला. फादर काय बोलले ते आज आठवत नाही, तो आवाज आठवतो. आता कामावर जाताना वसई ते दादर मी मोबाइल बॅगेतच ठेवतो.

दौंड

मला शिबिरात कधी रडू यायचं नाही, त्यामुळे माझ्यातच काही कमी आहे असं वाटायचं. एका शिबिरात शनिवारी दुपारी आम्हाला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला नेलं. 1905 च्या तिथल्या संजीवनाबद्दल (श्रद्धेच्या मोठ्या जागृतीबद्दल) आम्ही ऐकलेलं होतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) मराठीत आणलं आणि तिथल्याच बायका-मुलींनी ते छापलं, हे मात्र मला नवीन होतं. छपाईसाठी उलट्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवणाऱ्या त्या मुली मला एकदम जवळच्या वाटल्या. त्या आठवड्यात मी रविवारच्या शाळेची हजेरीवही मागून घेतली. लागोपाठ दोन रविवार कोणी आलं नाही की त्याच्या घरी जाते. चौथं वर्ष आहे.

एका मावशींनी सांगितलं, मी लिहून देतेय

"मी शिबिरात 60 पोरांचं जेवण करते. पाठ चालू असतो तेव्हा एखादं पोरगं चुलीपाशी येऊन बसतं. त्याला हाकलायचं नाही. लसूण सोलायला द्यायचा. मागच्या खेपेला एकाने पाटीभर लसूण सोलला आणि मान वर न करता म्हणाला, मावशी, पप्पा रोज पितात, रविवारी घरी जायचं नाही मला. मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते त्याला सोडायला स्वतः गेले आणि रात्री तिथंच राहिले."

एक आई, छत्रपती संभाजीनगर

माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. शिबिरातून आला आणि खोलीत गेला. काय शिकवलं विचारलं तर "काही नाही". मला वाटलं पैसे वाया गेले. बुधवारी रात्री आजीच्या खोलीत दिवा दिसला. आजीचे डोळे गेल्यापासून तिचं शास्त्र कपाटात पडून होतं. हा पलंगाच्या कडेला बसून तिला मोठ्याने वाचून दाखवत होता, जोडाक्षरांवर अडखळत. नावं चुकली की आजी पडल्या पडल्या सुधारत होती. मला बघून म्हणाला, "दादाने सांगितलंय, घरात एकासाठी एक काम." जूनमध्ये मत्तयापासून, म्हणजे चारांतल्या पहिल्या शुभवर्तमानापासून सुरू केलंय. परवा चौथं, योहान लागलं.