स्टँड म्हणजे कुबड्या! फिगर स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी

कपाटातला_कर्णधार
वादाचा विषय काढतोय, चपला जवळ ठेवा. हल्ली कोणाच्याही शेल्फचा फोटो बघावा तर प्रत्येक अ‍ॅक्शन फिगरच्या कमरेला पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्टँडचा चिमटा. अरे सांधे हलणारी सहा इंची खेळण्यातली फिगर, गुडघ्याला डबल जॉइंट, घोटा पुढेमागे पण हलतो आणि आडवा पण कलतो, याचेच तर पैसे मोजलेत ना आपण, मग ती टांगून कशाला ठेवायची? पाच मिनिटं बसून उभी करायचा कंटाळा म्हणून स्टँड, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय थोडे फाकवा, एक पाऊल जरा मागे, गुडघे किंचित वाकवा आणि घोटा असा फिरवा की तळवा पूर्ण टेकला पाहिजे, नुसती कड टेकली की संपलंच. हातात मोठी बंदूक किंवा पाठीवर पंख असतील तर धड उलट्या बाजूला झुकवायचं. बेंबीतून ओळंबा सोडला तर दोन पावलांच्या मधे पडायला हवा, बास, एवढाच खेळ आहे सगळा. ट्यूबलाइटखाली तो स्टँडचा दांडा चमकतो ना, सगळी मजा घालवतो.

वऱ्हाडी_व्हिलन
भाऊ तुम्ही राहता कुठं? इकडं नागपूरला मे महिन्यात ४५ डिग्री जाते, दुपारी बंद खोलीत काचेचं कपाट म्हणजे भट्टी. तुमचा ओळंबा उभी केली त्या दिवशी बरोबर असते. पण घोटे जर मऊ पीव्हीसीचे असले तर सतत वजन पेलून पेलून हळूहळू वाकते ते, इंजिनिअरिंगवाले याला क्रीप म्हणतात, आणि गरमीत तर विचारूच नका. पंधरा दिवसांनी बघा, साहेब नमस्कार घालायले निघाले. बरं एकटा पडत नाही, समोरची अख्खी रांग घेऊन जाते. पोझ चुकली नाही ना इथं, मटेरियलच दमलं, त्याला काय करता?

कपाटातला_कर्णधार
@वऱ्हाडी_व्हिलन पाय गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की सरळ करून धरायचा आणि लगेच गार पाण्यात घालायचा. जुना उपाय आहे, होतो सरळ.

वऱ्हाडी_व्हिलन
होते सरळ. अन् मग पुन्हा त्याच कपाटात त्याच गरमीत पुन्हा वाकते. उन्हाळाभर काय पातेलं घेऊन बसू? कमरेला आधार दिला की घोट्यावर वजनच येत नाही, विषय संपला.

फनस्कूलचा_फौजी
कर्णधार, तुमचा मुद्दा ऐकायला मर्दानी आहे पण इतिहास तुमच्या बाजूने नाही. १९८२ ला हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने जी.आय. जो हा खेळण्यातला सैनिक पावणेचार इंची करून आणला तेव्हाच त्याच्या तळपायाला भोक होतं, खुंटीवर बसवायला. आपल्याकडे फनस्कूलचे मिळायचे त्यांनाही तेच. म्हणजे बनवणाऱ्यालाच ठाऊक होतं की हे कार्टं स्वतःहून उभं राहणार नाही. त्याहून भारी किस्सा केनर या खेळणी कंपनीचा. १९७७ च्या नाताळाला स्टार वॉर्सच्या फिगर तयारच नव्हत्या, तर कंपनीने काय विकलं, एक पाकीट, ज्यात सर्टिफिकेट आणि पुठ्ठ्याचा डिस्प्ले स्टँड! फिगर पुढच्या वर्षी पोस्टाने आल्या, सोबत त्या स्टँडवर बसवायच्या खुंट्या. तर स्टँड आधी आला आणि माणसं नंतर. आता बोला.

बाकी जुन्या जो ला स्टँड देऊनही उपयोग नसतो कधीकधी. आतला रबरी ओ-रिंग कुजला की कमरेपासून दोन तुकडे, खुंटीवर फक्त पाय उभे. (रिंग नवीन मिळतो, पाठीतला स्क्रू खोलून बदलता येतो, फेकू नका.)

कपाटातला_कर्णधार
किस्सा मस्त. पण खुंटीला माझा विरोध कुठे आहे? खुंटी पायाखाली असते, दिसत नाही, उभी फिगरच राहते. मी बोलतोय ते कमरेच्या चिमट्याबद्दल आणि पाठीतल्या दांड्याबद्दल. २००८ पासून जपानी फिग्मा ब्रँडवाले पाठीत भोक ठेवून सोबत दांडा देतात. चांगल्या शिल्पाला पाठीत भोक, काय बोलणार.

उडती_पोझ
मग उडी मारतानाची पोझ कशी देणार कर्णधार, श्वास रोखून? अ‍ॅनिमेच्या फिगर नुसत्या सावधानमध्ये उभ्या करायच्या असतील तर साधा पुतळा घ्या, स्वस्तात पडेल. हवेत लाथ मारतोय, केस मागे उडालेत, ती पोझ दांड्याशिवाय होतच नाही आणि फोटो काढताना दांडा मागे लपतो, ज्याला लपवता येत नाही त्याने कॅमेऱ्याचा कोन बदलावा.

चिकटपंथी
इतकं भांडताय आणि ब्लू टॅकचं, म्हणजे त्या मऊ चिकट लगद्याचं, नाव कोणी काढलं नाही?? वाटाण्याएवढी गोळी टाचेखाली दाबा, काम झालं. ना दांडा ना चिमटा.

वऱ्हाडी_व्हिलन
मऊ पीव्हीसीला महिनोन्महिने चिकटून राहिलं की तेलकट डाग पडतो, लाकडी शेल्फवरही पडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तर च्युइंगम होते त्याचं.

चिकटपंथी
टाचेखालचा डाग बघायला कोण येतंय, पाहुणे काय उलटी करून बघतात का? काढताना फक्त सरळ ओढू नका, हळू पिळून काढा, नाहीतर घोटा हातात येईल आणि बूट शेल्फवर.

एक_षष्ठांश
सहा इंचीवाल्यांनी १२ इंचीवर बोलूच नये असं माझं मत. हॉट टॉइजसारख्या कंपन्यांच्या १:६ (खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश) फिगरमध्ये स्टँड डब्यातच येतो आणि तो काढून टाकणारा माणूस एकतर फार श्रीमंत किंवा फार शूर. कापडी कपडे, आत सांगाडा, वजन भरपूर, ही वरच्या फळीवरून पडली तर नुसती उचलून ठेवायची नसते, तुकडे गोळा करायचे असतात.

संग्राहकाची_बायको
नवऱ्याच्या अकाउंटवरून लिहीत नाहीये, माझं स्वतःचं आहे. तुमचं तत्त्वज्ञान छान चाललंय पण त्या कपाटाची धूळ कोण पुसतं? बिनस्टँडची फौज असली की ब्रश लागायच्या आधीच वाऱ्याने एक कोसळतो आणि मग रात्री चौकशी बसते, याचा हात असा कोणी वाकवला म्हणून. स्टँड लावा नाहीतर चिकटवा, नाहीतर स्वतः पुसा. यावर चर्चा नको.

उडती_पोझ
वहिनींना +१. कर्णधार गप्प झाले का?

कपाटातला_कर्णधार
गप्प नाही, आमच्या घरी मीच पुसतो म्हणून बोलायचा हक्क आहे. नागपूरच्या गरमीचं पटलं, १:६ चं तर आधीपासूनच पटतं. पण सहा इंची, घट्ट घोट्याची, पंख्याखाली नसलेली फिगर चिमट्यात अडकवणं हा आळसच, त्यावर मी ठाम. जॉइंट सैल झाला असेल तर तो घट्ट करा ना आधी! बॉल काढून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. फेविक्विकवाले सल्ले ऐकू नका, हलवत राहिलं नाही तर जॉइंट कायमचा जाम होतो आणि पारदर्शक भागाजवळ वापरलं तर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं.

नवा_गडी
मधेच घुसतो, माझ्याकडे खुंटीवाले स्टँड आहेत पण एका ब्रँडची खुंटी दुसऱ्याच्या भोकात डुगडुगते. काय करू?

फनस्कूलचा_फौजी
साइझ सारखी नसतेच कंपन्यांची. नळाला लावायची पांढरी टेफलॉन टेप आण हार्डवेअरमधून, खुंटीवर एक-दोन वेढे घाल. जास्त घालू नको, दाबून बसवलंस तर तळपाय फाटेल.