पूर ओसरण्याचे कारण ठाऊक असताना देवाचे नाम घेऊन आभार का मानावेत?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न:

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांचा टप्पा गाठला, तेव्हा आमच्या गल्लीतील काही कुटुंबे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकत्र राहिली होती. तेथे रोज सायंकाळी रामरक्षा आणि हरिपाठ होत असे. पाणी उतरल्यावर सासूबाईंनी हात जोडून ‘पांडुरंगा, तुझीच कृपा’ असे म्हटले, आणि आजही पावसाळ्यात नदीची पातळी खाली आल्याची बातमी ऐकली की त्या तेच म्हणतात. आता महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा विचारतो, की पाऊस थांबला आणि कोयनेतून होणारा विसर्ग घटला म्हणून पूर ओसरला, मग आभार पांडुरंगाचे कशासाठी? शिवाय ज्यांची घरे पडली, त्यांनीही नाम घेतलेच होते. त्याच्या विचारण्यात उद्धटपणा नाही, त्यामुळे ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ एवढे सांगून मला हा प्रश्न मिटवायचा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माणदेशी यांचे उत्तर:

चिरंजीवांनी सांगितलेले पुराचे कारण बरोबर आहे आणि ते खोडून काढण्याची काहीही गरज नाही. नामाने धरणाचा दरवाजा बंद होतो, असे आपल्या संतांनी नामाचे समर्थन केलेले नाही. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील तिसरा समास नामस्मरणासाठी दिला आहे. सुख असो वा दुःख, चिंता असो वा आनंद, नामाविना राहू नये, असे ते तेथे सांगतात; बालपण, तारुण्य, कठीण काळ, वार्धक्य आणि अंतकाळ अशा सर्व अवस्था त्यांनी त्यात घेतल्या आहेत. अंतकाळीही जे घ्यायचे, ते केवळ संकट टळावे म्हणून घ्यायचे असणार नाही, हे उघड आहे.

आमच्या माण तालुक्यातील गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र घराघरांत पोहोचवला, तोही पावसाची खात्री नसलेल्या मुलखात. नाम नामासाठीच घ्यावे आणि राम ठेवील त्या स्थितीत समाधान मानावे, ही त्यांची शिकवण होती. ज्याचे पीक वाळले आणि ज्याचे तरले, अशा दोघांनाही हे एकच सांगणे आहे. सासूबाईंचे उद्गार याच वळणाचे असावेत, असे मला वाटते. परंतु त्यांना स्वतःला काय अभिप्रेत आहे, हे कोणी विचारले आहे का?

वारकरी (फलटण) यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र मागण्यासाठी घेतलेले नाम कमी प्रतीचे असा त्यातून कोणी अर्थ काढणार असेल, तर तो मला मान्य नाही. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो, आणि रागावल्यावर त्या त्याला बोल लावण्यासही कचरत नाहीत. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडेच माणूस मागतो आणि त्याच्याशीच भांडतो. म्हणून घर पडलेल्या माणसाने ‘विठ्ठला, असे का केलेस?’ असे विचारले, तर तेही नामच आहे, आणि आपल्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तेथे शोधतो. नवस मात्र वेगळा. त्यात देण्याघेण्याची अट असते आणि अट पूर्ण झाली की व्यवहार संपतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्यांचे सर्वस्व वाहून गेले आहे त्यांच्यासमोर ‘आमच्यावर कृपा झाली’ असे मोठ्याने म्हणू नये. कृतज्ञता खरी असली, तरी ऐकणाऱ्याला तिच्यातून ‘तुमच्यावर झाली नाही’ एवढेच ऐकू येते.

डोंगरखोरे (पाटण) यांचे उत्तर:

आमच्याकडे बनपुरीच्या यात्रेत ‘नाईकबाच्या नावानं चांगभलं’ असा गजर होतो आणि घरी खळ्यावर रास पडली की तोच शब्द तोंडी येतो. तो म्हणणारा शेतकरी बियाणे कोणते, खताची मात्रा किती आणि पाणी कधी दिले, हे सर्व तोंडपाठ सांगतो. कारण आणि कृतज्ञता एकमेकांच्या आड येतात, असे त्याला कधी वाटलेले मला दिसले नाही.

कृष्णाकाठ यांचे प्रत्युत्तर:

सर्वांचे आभार. माणदेशी यांच्या सूचनेनुसार मी सासूबाईंना विचारले. घर वाचले म्हणून मी कृपा म्हटली नाही, असे त्या म्हणाल्या. कारण घरात पाणी शिरलेच होते आणि वर्षाचे धान्य, अंथरुणे सारे भिजले होते. एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसे त्या मजल्यावर एका पंगतीला बसली, कोणी आजारी पडले नाही आणि मन खचले नाही, याबद्दल त्यांचे आभार होते. बोटीतून दूध आणि औषधे पोहोचवणाऱ्या तरुणांचे आभार त्यांनी त्याच वेळी मानले होते, हेही त्यांनी आठवणीने सांगितले. मुलाने हे शांतपणे ऐकून घेतले. त्याला अद्याप सगळे पटलेले नाही; जनाबाईंचे अभंग मात्र त्याने वाचायला मागितले आहेत, तरी एखादी सुटसुटीत, शब्दार्थांसह असलेली आवृत्ती कोणास माहीत असल्यास सुचवावी.