बॅगेतून आणलेली पेल एल: आणावी की तिथंच पिऊन यावी?

घोटभर (धागाकर्ता)
मित्रानं कॅलिफोर्नियाहून सिएरा नेवाडा कंपनीची पेल एल आणली, म्हणजे हॉप्सच्या (वेलीवरच्या कडू फुलांच्या) वासाची बिअर. शनिवारी चौघांनी मिळून चाखली. रंग तांबूस सोनेरी, तळाशी यीस्टचा बारीक गाळ; ही बाटलीतच पुन्हा आंबते ना. ग्लास नाकाशी नेला की पपनस सोलल्यासारखा वास आणि त्याच्यामागून राळेची झाक. घोटाला आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) हलका गोडवा, मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा, तो लवकर हटत नाही. एक जण म्हणाला, "पैसे मोजून काढा कशाला प्यायचा?" दुसऱ्यानं फ्रीजरमधून काढून थेट बाटलीच तोंडाला लावली, त्याला वास येणार कुठून!

बिअर झकास आहे, वाद नाही. तरी माझं मत ठाम आहे: हॉप्सवाली बिअर बॅगेतून आणू नये. हॉप्सचा वास म्हणजे भुर्रकन उडणारी तेलं. बाटली भरली त्या दिवसापासून ती उतरणीला लागतात, उष्णता मिळाली की आणखी वेगानं. कडूपणा राहतो, आणि ज्याच्यासाठी तो सोसायचा तो वास जातो. आणायचीच हौस असेल तर तगडी स्टाउट (काळी बिअर) किंवा बार्लीवाइन (जास्त अल्कोहोलची बिअर) आणा, तिला मुरणं मानवतं.

मुठाकाठचा
साफ असहमत. पेल एल प्रवासात मरत असती तर इंग्रजांनी ती मुंबई-कलकत्त्याला धाडलीच नसती. लंडनच्या हॉजसनची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस शिडाच्या जहाजातून आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून यायची. चार-सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून! तुमच्या मित्राचं विमान दिवसभरात पोचतं. उगाच बाऊ करताय.

घोटभर
ती बिअर वेगळी, ही वेगळी, मालक. तिच्यात हॉप्स घालायचे ते मुख्यतः नासू नये म्हणून, आणि पिंपात मुरलेलीच चांगली मानायचे. पपनसाचा वास कुणाला हवा होता? तो आला कॅस्केड हॉप्समधून, आणि ही जातच 1972 साली ओरेगनमधून बाजारात आली. हॉजसनच्या दाखल्यावर आजची बाटली तोलू नका.

चिकोची_सून
मी उत्तर कॅलिफोर्नियातच राहते, म्हणून बोलते. सिएरा नेवाडाच्या कारखान्यातल्या टॅपरूममध्ये, म्हणजे तिथल्याच बारमध्ये प्यायलेली आणि इथल्याच दुकानातून आणलेली, यांतसुद्धा फरक कळतो. तरी मी भारतात येताना नेते. का, तर या बाटलीला इतिहास आहे. केन ग्रॉसमन हा घरगुती बिअरचं सामान विकणारा माणूस. त्यानं डेअरीची जुनी भांडी आणि भंगारातलं लोखंड जुळवून हा कारखाना उभारला, 1980 मध्ये बिअर काढली. अमेरिकेत तेव्हा सगळीकडे फिक्कट पाणचट लागर बिअर. आज पुण्यातल्या ब्रूपबात (जिथं बिअर तिथंच बनवून विकतात) तुम्ही जी 'अमेरिकन पेल एल' मागवता तिची ही आजी. सासऱ्यांना ती चाखवायची म्हणजे काय, दहा टक्के वास कमी भरला म्हणून नेऊच नको?

बाकी बिअर वाईट आहे की हाताळणी, ते आधी बघा. ग्लास घ्या, फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, गाळ नको असेल तर शेवटचा बोटभर भाग बाटलीत ठेवा.

कडूजहर
+१, आणि उन्हाचं राहिलंच. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचा घाण वास सुटतो. म्हणून तर बाटली तपकिरी. मागे एका दुकानातून आयात केलेली हिरवी बाटली घेतली होती, काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली मांडलेली. वासानंच ठेवून दिली. तेव्हा अंधाऱ्या बॅगेतून येणारी बाटली दुकानातल्या बाटलीपेक्षा सुखात असते! धागाकर्त्यांनी पॅकिंगची तारीख पाहिली होती का, की सगळं खापर विमानावर?

घोटभर
पाहिली होती. तीन महिने उलटून गेलेले. मित्रानं सुपरमार्केटच्या फडताळावरून उचलली, फ्रीजमधली नव्हे. म्हणजे दोष प्रवासाच्या आधीच सुरू झाला, एवढं मान्य. पण घरी आणणारे बहुतेक असंच उचलतात, म्हणून माझं मत तिथंच.

शेंगदाणे_मसाला
तुम्ही सगळे वासावर अडलात. मला आंबट-गोड गव्हाची बिअर आवडते, ब्रूपबातही तिचाच खप जास्त. कडू बिअर आवडते म्हणणारे निम्मे लोक चारचौघांत दाखवायला पितात, असा माझा पक्का संशय आहे.

चिकोची_सून
कारल्याची भाजी मिटक्या मारत खाणारी माणसंही दाखवायलाच खातात का हो?

मुठाकाठचा
हा घाव बसला! शेंगदाणेबुवा, तिच्याबरोबर मसाला शेंगदाणे मात्र खाऊ नका. तिखट आणि हॉप्स एकमेकांना चेव आणतात, जीभ भाजते. खारे काजू घ्या, नाहीतर चीज.

शेंगदाणे_मसाला
मग तर प्रश्नच मिटला. शेंगदाणे सोडणार नाही.

हिशेबनीस
चव राहू द्या, गणित करा. भारतात उतरताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते. अमेरिकन बाटली 355 मिलीची, सहांचा खोका 2130 मिली. म्हणजे सहावी बाटली नियमात बसतच नाही. तेवढ्याच कोट्यात लिटर-लिटरच्या दोन सिंगल माल्ट व्हिस्की येतात, ज्यांना प्रवास बाधत नाही. पाच टक्केवाल्या पाण्यासाठी कोटा घालवणारे धन्य.

चिकोची_सून
5.6 टक्के. आणि सहावी निघायच्या आदल्या रात्री इथंच संपते.