साखरेची वही आईच्या हातात

"डायबेटिसचे पेशंट ऐकतच नाहीत, गोळ्या वाढवण्यापलीकडे डॉक्टर तरी काय करणार," असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या आईला कित्येक वर्षं "भात बंद, गोड बंद" एवढंच सांगितलं जायचं. आठवडाभर पाळायची, मग सोडून द्यायची. नव्या डॉक्टरांनी काहीच बंद केलं नाही. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर, येणारा आकडा वहीत लिहायचा आणि शेजारी काय खाल्लं ते, एवढंच सांगितलं. पोह्यांच्या दिवशी २१८, मुगाच्या धिरड्याला १५६. त्या दोन ओळींखाली आईने स्वतःच लाल पेनाने रेघ मारली. कुणाला काही सांगावं लागलं नाही!

आता रात्री जेवून तलावपाळीला एक फेरी असते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. एचबीएवनसी ही रक्ताची चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आठवड्यात फरक शोधू नका. आईची ८.४ वरून ७.१ यायला पाच महिने लागले.

एक मात्र कळकळीने सांगते, आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नका, पण डॉक्टरांना वही जरूर दाखवा, कारण आकडे सुधारल्यावर काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. आईची गोळी डॉक्टरांनीच वही बघून अर्धी केली.