मदत हवी आहे : मुलांनी एकमेकांचे इंग्रजी निबंध कसे वाचावेत?

नमस्कार. मी मालवण तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावीच्या मुलांना मी एकमेकांच्या निबंधांवर अभिप्राय लिहायला सांगते. परंतु बहुतेक जण ‘छान’ एवढाच शेरा देतात किंवा केवळ स्पेलिंग दुरुस्त करतात. मराठीत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे नसल्यामुळे ती गळणे स्वाभाविकच आहे आणि त्या चुका मी नंतर दाखवू शकते. मला हवे आहे ते मुद्दा कुठे सुटला, हे सांगणारे वाचन. गेल्या आठवड्यात रापणीवरील (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून मोठे जाळे ओढण्याच्या मासेमारीवरील) एका निबंधात दोर ओढणाऱ्या माणसांचे सुरेख वर्णन होते, पण मासळीच्या वाटणीचा उल्लेखच नव्हता. जोडीदार मुलीने समासात पेन्सिलीने विचारले, “मग मासे कोणाला मिळाले?” तेवढ्यावरून त्या मुलाने अख्खा परिच्छेद नव्याने लिहिला. असे प्रश्न इतरांना सुचावेत म्हणून काय करावे? शिवाय दुसऱ्या खर्ड्यानंतर ‘मी काय बदलले आणि का’ हे आत्मपरीक्षण मराठीत लिहू द्यावे, की इंग्रजीतच? विचार भाषेपाशी अडू नये म्हणून माझा कल मराठीकडे आहे. मोठ्या वर्गात ज्यांनी हे केले आहे, त्यांनी आपली प्रश्नावली आणि तासिकेचे नियोजन कृपया कळवावे.