रुंदी गुणिले उंची गुणिले दीड पुरेसं नाही

डिकोड झालेल्या व्हिडिओ फ्रेमसाठी किती मेमरी घ्यायची यावर कुणी म्हटलं, ‘एनव्ही१२ असेल तर रुंदी × उंची × १.५ एवढी मेमरी घ्यायची, त्यात लिहून ठेवण्यासारखं काय?’ हा मुद्दा पटला नाही. (एनव्ही१२ म्हणजे मेमरीत आधी फ्रेमची उजेडाची माहिती आणि तिच्यामागे निम्म्या जागेत रंगाची माहिती ठेवणारा फॉरमॅट.) एच.२६४ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडणारा डिकोडर १६×१६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतो आणि १९२०×१०८० च्या व्हिडिओत १०८० ला १६ ने भाग जात नाही. म्हणून बफर (एका फ्रेमसाठीची मेमरी) १९२०×१०८८ चा लागतो, म्हणजे ३१,३३,४४० बाइट. शेवटच्या ८ ओळी दाखवायच्या नसतात, पण मेमरीत त्या असतातच. माझ्या प्लेअरमध्ये मी रंगाची माहिती १९२०×१०८० नंतर सुरू होते असं धरलं होतं. परिणाम: सगळे रंग १६ ओळी खाली सरकलेले आणि वर एक विचित्र पट्टा! दोन दिवस ड्रायव्हरला शिव्या घातल्या, चूक माझीच.

लिनक्सच्या व्ही४एल२ या व्हिडिओ-उपकरणांच्या इंटरफेसमध्ये (जिथे डिकोड झालेल्या फ्रेमच्या रांगेला ‘कॅप्चर’ आणि डिकोडरला डेटा देण्याच्या रांगेला ‘आउटपुट’ म्हणतात, डोकं गरगरतं) स्टेटफुल डिकोडरसाठी (जो आधीच्या फ्रेमचा हिशोब स्वतःच ठेवतो) बफर घेण्याचा क्रम लिहिलेला आहे. आधी हेडर (व्हिडिओच्या सुरुवातीची माप वगैरे सांगणारी माहिती) पाठवा, सोर्स-चेंज इव्हेंट (ती माहिती वाचल्याची ड्रायव्हरची सूचना) आला की मगच फॉरमॅट, दृश्य चौकट आणि किमान बफरसंख्या ड्रायव्हरला विचारा. संख्या आपल्या मनाने ठरवू नये. एच.२६४ च्या लेव्हल ४.० ला (लेव्हल म्हणजे डिकोडरवरच्या भाराची ठरलेली मर्यादा) या मापाच्या ४ संदर्भ-फ्रेम, म्हणजे पुढच्या फ्रेम बनवायला लागणाऱ्या जुन्या फ्रेम, अडकून राहू शकतात, स्क्रीनवर असलेली फ्रेम त्याशिवाय. बफर कमी पडले की डिकोडर एरर न देता नुसता थांबून राहतो.